चाळणीत अडकलेली चौदा कडवी

“विषय धरून गा गं. नाहीतर ऊठ माझ्या मांडीवरून.”

बाप जाऊन नऊ वर्षं झाली, पण हा आवाज एदेल्मिराच्या कानात पन्नास वर्षांपूर्वी पडला तसाच आहे; थोडा घोगरा, थोडा हसू दाबलेला. ती सात वर्षांची होती. कुलेनार गावच्या देवळात शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याचा जागर होता, गाणारे भिंतीला पाठ टेकून गोल बसले होते आणि बापाने विषय धरला होता नोहाचा जलप्रलय. फेर तिच्यापाशी आला तेव्हा तिने बाळ येशूच्या पाळण्याचं कडवं सुरू केलं, कारण तिला तेवढं एकच येत होतं. सगळे हसले, बाप सोडून. फेरातला पहिला माणूस जो विषय धरतो त्याला पाया म्हणतात, आणि पाया सोडून गाणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. ज्याच्याकडे त्या पायाचं कडवं नाही त्याने मान हलवायची, फेर पुढे जाऊ द्यायचा.

आता तो फेर तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर असतो. गाणारे म्हातारे झाले, काही उत्तरेला खाणींत गेले, संध्याकाळची बस बंद पडली. तेव्हा तिच्या लेकीने, यास्नाने, इंटरनेटवर एक फोरम उघडून दिला आणि त्याला नावही ‘फेर’ असंच ठेवलं. दर सोमवारी एक पाया मांडायचा. आठवडाभर सगळ्यांनी त्यावर दहा ओळींची कडवी लिहायची, एकाने दुसऱ्याला उत्तर द्यायचं. चारशेच्या वर माणसं आहेत. कुणी नातवाला सांगून लिहवून घेतो, कुणी एका बोटाने अक्षर शोधत बसतो. एदेल्मिरा शाळेच्या कचेरीत नोकरी केलेली, टापटिपीची, कमी बोलणारी. राखण तिच्याकडे आली, ती तेरा वर्षं तिच्याकडेच आहे.

राखण म्हणजे चाळणी. चाळणीला शब्दांची यादी असते. यादीतला शब्द आला की लिखाण बाहेर दिसत नाही, एदेल्मिराच्या पानावर येऊन थांबतं, आणि तिने ‘सोडा’ दाबलं तरच पुढे जातं. लिहिणाऱ्याला मात्र ते आपलं जागच्या जागी दिसत राहतं. “त्यामुळे कुणी चिडत नाही, आई,” यास्नाने समजावलं होतं. सुरुवातीला यादीत पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्या, झटपट कर्ज आणि सांतियागोचे दोन फुटबॉल क्लब होते. मग राष्ट्राध्यक्षांची नावं आली. दर निवडणुकीला एक नवं चढतं, जुनं काढायचं राहून जातं. आणि पाच वर्षांपूर्वी एका दुपारी तिने स्वतःच्या हाताने सहा शब्द घातले. पाणी, विहीर, पाट, पाळी, टँकर, अवोकाडो.

त्या आठवड्यात कुणीतरी फोरमवर प्रश्न टाकला होता: ‘वरच्या पाटाची पाळी कोणी विकली?’

कुलेनारात जमिनीचे कागद वेगळे आणि पाण्याचे वेगळे. जमीन तुमच्याकडे राहू शकते आणि पाणी निघून जाऊ शकतं. वरच्या पाटाची दोन दिवसांची पाळी एदेल्मिराच्या बापाच्या घराची होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण म्हाताऱ्याने मरायच्या आधी ती कुणाकुणाला लिहून दिली होती, कुणाकडे गहाण होती, याबद्दल दहा तोंडांत दहा गोष्टी होत्या. त्याची अक्रोडाची झाडं भिजवून उरलेलं पाणी खालच्या वाडीत उतरायचं, जमिनीत मुरायचं, आणि खालच्या विहिरींना ओल राहायची. एका हिवाळ्यात पाटाच्या फाटकाला कुलूप लागलं. पाणी नळातून टेकडीवर चढलं, तिथल्या नव्या अवोकाडोच्या बागांना. खालच्या विहिरी एकेक करून बसल्या. आता दर मंगळवारी टँकर येतो.

दोन दिवसांत त्या प्रश्नाखाली तीनशे उत्तरं आली. कुणी पाटकऱ्याचं नाव घेतलं, कुणी पाद्र्याचं, कुणी एदेल्मिराच्या भावाचं, निबाल्दोचं, जो उत्तरेला गेला तो परत फिरकला नाही. कुणी कुणाची मेलेली आई काढली. तेव्हा एदेल्मिराने प्रश्नाला टाळं लावलं आणि लिहिलं: ‘फेर गाण्यासाठी आहे. पाण्याचं भांडण फेरात नको.’ लोकांनी तिला दुवा दिला. वरच्या आळीने दिला, खालच्या वाडीनेही दिला.

पाळी विकली होती एदेल्मिराने.

बाप गेल्यावर कागद तिच्या आणि निबाल्दोच्या नावावर आले. यास्नाचं नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर होतं. बागवाल्यांचा माणूस फार अदबीने बोलला, पेन स्वतःचं दिलं. निबाल्दो म्हणाला, “ताई, आधी तू कर.” तिने केली. तिला वाटलं होतं, पाट मोठा आहे, एका पाळीने काय होतं.

आणि मग चाळणीनेच तिचा पिच्छा पुरवला. कारण देवाच्या गाण्यातून पाणी कसं काढायचं? नोहा आहे, मोशे खडकावर काठी मारतो, योना माशाच्या पोटात जातो, काना गावच्या लग्नात सहा रांजण भरतात, यार्देन नदी आहे. पाया कुठलाही मांडा, तिसऱ्या ओळीत घागर येते. दररोज वीस-पंचवीस कडवी थांबलेली असतात आणि दररोज सकाळी भाकरी शेकता शेकता एदेल्मिराला ठरवावं लागतं, हे देवाचं पाणी की खोऱ्याचं. खालच्या वाडीचे लोक तर मुरलेले. विषय न सोडता विषय कसा काढायचा, हे त्यांना आजोबांच्या मांडीवरच शिकवलेलं. खालच्या वाडीतला सुतार फिदेलिनो, त्याने कालच फारोवर कडवं लिहिलं होतं, त्यातल्या चार ओळी:

नाईलचा राजा म्हणे,
माझी नदी, माझा घोट.
खाली गुरं वाळलेली,
वर त्याचं हिरवं पोट.

पायाला धरून होतं. यमक बिनचूक. तिने ते दोनदा वाचलं, डोळे चोळले आणि पुसून टाकलं. तासाभरात फिदेलिनोचा निरोप आला, “दोन्या एदेल्मिरा, बायबलमधूनही नाईल काढून टाकायची का? पाद्र्याला कळवतो.” तिने उत्तर दिलं नाही. तिला उत्तर द्यायचा कंटाळा आला होता. वाचायचा, तोलायचा, सोडायचा, पुसायचा, सगळ्याचाच. दुपारी आडवं पडलं तरी डोळ्यांपुढे ओळी सरकत राहायच्या.

“आई, बंद करून टाक ना ते,” यास्ना फोनवर म्हणाली. ती सांतियागोच्या इस्पितळात असते. “तेरा वर्षं झाली. आता ज्याला गायचं त्याने घरी गावं.”

“मग म्हातारे काय करतील?”

“म्हातारे टीव्ही बघतील. सगळ्या जगातले म्हातारे टीव्हीच बघतात.” मग जरा थांबून, “माझे धर्मबाप कसे आहेत? दोन महिने झाले, त्यांचं एकही कडवं दिसलं नाही मला.”

“बरे आहेत,” एदेल्मिरा म्हणाली. “भाकरी करपतेय गं. ठेवते.”

भाकरी करपत नव्हती.

यास्नाचा धर्मबाप म्हणजे दोन कुस्तोदियो; हा ‘दोन’ आकडा नव्हे, मोठ्या माणसाच्या नावापुढे लावायचा मान, बाईला ‘दोन्या’. एकोणऐंशी वर्षांचा, खालच्या वाडीतला, पंचवीस तारांचं गितारोन वाजवणारा. आता त्या खोऱ्यात तेवढा एकच उरलेला. एदेल्मिराचा बाप गेल्यापासून सान इसिद्रोच्या जागराला पाया तोच धरतो. त्याने लेकीला बाप्तिस्म्याच्या दिवशी हातांत धरलेलं, म्हणून एदेल्मिरा त्याला कोम्पाद्रे म्हणते आणि तो तिला कोमाद्रे. हे नातं रक्ताच्या नात्याहून पातळ नाही, आणि त्यात अहो-जाहो सुटत नाही.

त्याची चौदा कडवी तिच्या पानावर थांबलेली होती. पहिलं मार्चमधलं. समारियाच्या बाईचा पाया होता तो आठवडा. दमलेला येशू विहिरीच्या काठावर बसतो आणि पाणी भरायला आलेल्या परक्या जातीच्या बाईकडे घोटभर मागतो. दोन कुस्तोदियोने लिहिलं होतं:

याकोबाच्या विहिरीशी
उन्हात ती एकटीच,
घागर तिची रितीच.
वाटसरू तिच्यापाशी
म्हणे, कोरड या घशी.
ती म्हणाली, देऊ काय?
दोर खाली जात जाय,
तळ कोरडाच राही.
नकार हा माझा नाही,
बस जरा, टेक पाय.

यात टोमणा नव्हता. कुणाकडे बोट नव्हतं, फारो नव्हता, हिरवं पोट नव्हतं. फिदेलिनोचं कडवं ती पुसू शकली, हे तिला पुसता आलं नाही आणि सोडताही आलं नाही. बोट ‘सोडा’वर जायचं आणि परत यायचं. मग दुसरं आलं, तिसरं आलं, सगळी त्याच विहिरीची. पायाचा आठवडा उलटून गेला तरी तो तिथेच, जसा काही तो विहिरीवरून उठायलाच तयार नाही. अशी चौदा. नंतर यायची थांबली.

यास्नाचा फोन आला त्याच दिवशी चारच्या सुमारास कुत्री भुंकली. फाटकापाशी दोन कुस्तोदियो उभा होता, काळी टोपी छातीशी धरून, दुसऱ्या हातात पावाची कागदी पिशवी.

“आहात का, कोमाद्रे?”

“या ना, या. चालत आलात? एवढ्या चढावर?”

“सायकल रुसलीय. म्हटलं, दोघांत एकाने तरी चालावं.”

तिने केटली ठेवली. टेबलावरच्या टोपलीत दोन अवोकाडो होते, ते तिने पटकन फडक्याखाली सारले. खालच्या वाडीत पाच वर्षं कुणी ते फळ तोंडात घातलेलं नाही. पाव काढला, मेम्ब्रियोच्या फळांचा मुरंबा काढला. तो बसला, पिशवी उघडली, आणि आतून पाव नाही, त्याचा मोबाइल निघाला, फडक्यात गुंडाळलेला.

“हा बघा जरा. मी काल शहरात जाऊन आलो याच्यासाठी. दुकानातला पोरगा म्हणतो, आजोबा, याला काही झालेलं नाही. मी म्हटलं, काही झालं नाही तर मला ऐकू का येत नाही?”

“ऐकू म्हणजे?”

“फेरातलं हो. माझं कडवं मला दिसतं. हे काय, इथे आहे. पण त्याच्याखाली कुणाचं काही येत नाही. बाकीच्यांची एकमेकांना उत्तरं येतात, ती दिसतात मला. माझ्याखाली नुसतं पांढरं.” त्याने चहात साखर ढवळली. “म्हणून वाटलं, मला येणारं तेवढं कुठेतरी अडकतंय. पोरगा म्हणाला, नाही आजोबा, सगळं येतंय. म्हणजे मग कुणी लिहीतच नाही.”

एदेल्मिरा मुरंब्याचं झाकण फिरवत राहिली. ते कधीच उघडलं होतं.

“माझं काही म्हणणं नाही,” तो म्हणाला. “जुनं झालं असेल. मी एकाच विहिरीवर बसून राहिलो, लोकांना कंटाळा येणारच. पण कोमाद्रे, नावडलं तर नावडलं म्हणावं ना माणसाने. फिदेलिनो तर माझ्या तोंडावर म्हणायचा, ‘म्हाताऱ्या, तुझ्या आठव्या ओळीत लंगडा घोडा आहे.’ तो लंगडा घोडा गोड लागायचा मला. आता रस्त्यात भेटतो, ख्यालीखुशाली विचारतो, कडव्याबद्दल अक्षर नाही. मीही विचारत नाही. काय विचारू? मी काय शाळेतला पोरगा आहे, माझी वही तपासा म्हणायला?”

“तसं नाहीये, कोम्पाद्रे.”

“ऐका तर. मी ठरवलंय. सान इसिद्रोला मी येत नाही. तुम्ही फेरात तसं लिहून टाका, तुमच्या हातून बरं दिसेल. आणि गितारोन मी शहरातल्या संगीतशाळेला दिलं. शनिवारी न्यायला येतात. तिथे पोरं आहेत, हात लागेल कुणाचा तरी. माझ्या घरी तारा गंजतात.”

तो हे फार सहज बोलला, बाजारात कोंबडी दिल्यासारखं. मग पावाचा तुकडा तोडला आणि खाल्ला नाही.

कॉम्प्युटर तिथेच होता, टेबलाच्या टोकाला, विणलेल्या रुमालाखाली. एदेल्मिराने रुमाल काढला. तिला माहीत होतं, हे सगळं एका बोटाने मिटतं. तिने थांबलेल्यांचं पान उघडलं, त्याचं नाव शोधलं आणि चौदाच्या चौदा निवडून ‘सोडा’ दाबलं.

“तुमचा मोबाइल चांगला आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज शाळेच्या कचेरीतला झाला होता, दाखला देताना व्हायचा तसा. “दोष आमच्या यंत्राचा होता. चाळणीत अडकली होती तुमची कडवी. कुणी वाचलीच नाहीत अजून.”

“कुणीच?”

“कुणीच नाही.”

त्याने तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग हातातल्या पावाकडे. “म्हणजे नावडलं नाही.”

“नाही हो.”

“अगं आई गं,” तो म्हणाला आणि हसायला लागला. खांदे हलायला लागले. “आणि मी इथे मरायची तयारी करतोय! यंत्र बिघडलं म्हणून!”

पाच मिनिटं गेली नसतील. टेबलावरचा मोबाइल थरथरला. त्याने चष्मा शोधला, सापडला नाही, तिच्यापुढे सरकवला. “वाचा.”

फिदेलिनोचं होतं. एदेल्मिराने वाचलं: “दोन कुस्तोदियो! कुठे होतात? आम्हाला वाटलं तुम्ही आमच्यावर रुसलात. चौथ्या कडव्यात घोडा परत लंगडतोय. पहिल्याला मात्र बोलायची माझी हिंमत नाही. माझ्या आईने वाचून घेतलं, दोनदा.”

“लंगडतोय म्हणतो!” म्हाताऱ्याने टेबलावर थाप मारली. “चौथ्यात! खोटारडा सुतार! थांबा, मी दाखवतो त्याला.” मोबाइल पुन्हा थरथरला, मग पुन्हा. उत्तरेच्या खाणीतून कुणीतरी, शेजारच्या खोऱ्यातली एक बाई, कुणाचा तरी नातू. प्रत्येक वेळी तो तिच्याकडे बघायचा आणि ती वाचून दाखवायची. त्याने पाव खाल्ला. मग दुसरा मागून घेतला, मुरंबा जास्त लावून.

“शाळावाल्यांना फोन करायला हवा,” तो म्हणाला. “म्हणावं, गितारोनला ताप आलाय, पुढच्या वर्षी या.”

“करू,” एदेल्मिरा म्हणाली. तिला हसू आलं होतं, खरंच आलं होतं, आणि त्याच्या खाली काहीतरी दुखत होतं. सगळं जागेवर आलं होतं. आता फक्त चहाचे पेले उचलायचे होते.

दोन कुस्तोदियोने मोबाइल पुन्हा फडक्यात गुंडाळला, पिशवीत ठेवला, पण उठला नाही.

“ते अडकलं कशामुळे? विहीर म्हटलं म्हणून?”

“हो. तो शब्द यादीत आहे.”

“मला वाटलंच.” त्याने मान डोलावली. “राहू द्या तो. मी फिदेलिनोला नेहमी सांगतो, तिने चाळणी लावली ते बरं केलं. तो उडतो माझ्यावर. म्हणतो, चोर कोण ते कळायला नको? मी म्हणतो, कळून काय करशील? ज्याने विकलं त्याच्या घरीही कुणी आजारी असेल, कुणाला शिकवायचं असेल. त्या तीनशे उत्तरांत लोकांनी त्याला फाडून खाल्लं असतं. तुम्ही त्या माणसाला वाचवलंत, कोमाद्रे, आणि आम्हालाही. थकता तुम्ही, दिसतं मला. रोज सगळ्यांची घाण उपसायची आणि वर शिव्या खायच्या. कुणी आभार मानत नाही. मी मानतो.”

एदेल्मिराने खुर्चीची पाठ धरली.

“आणि हे बघा,” तो पुढे म्हणाला, उठता उठता, टोपी झटकत. “सान इसिद्रोला मी समारियाच्या बाईचाच पाया धरणार. ठरलं. आता मला कुणी उठवत नाही त्या विहिरीवरून. तुम्ही माझ्या उजव्या हाताला बसा. दुसरं कडवं तुमचं. किती वर्षं झाली, तुम्ही गायलाच नाहीत, नुसत्या आमच्या ओळी चाळता. त्या बाईचं कडवं बाईने म्हणावं. मी गितारोन धरीन, तुम्ही फक्त तोंड उघडा.”

बाहेर कुत्रं उगाच एकदा भुंकलं. केटलीखालचा गॅस तिने बंद केला. मग तिच्या लक्षात आलं की तो आधीच बंद होता. फेर तिच्यापाशी आला तर ती मान हलवू शकली असती, पुढे जाऊ दिला असता. त्यात लाज नसते. पण तो समोर उभा होता, टोपी छातीशी धरून, तिच्या होकाराची वाट बघत, आणि त्याच्या मिशीला मुरंबा लागला होता.

“बसा, कोम्पाद्रे,” ती म्हणाली.

“का? अंधार पडेल, उतार आहे.”

“बसा जरा. मला ते कडवं म्हणता येणार नाही.”

“येईल हो. मी लिहून देतो.”

“नाही.” तिने टेबलावरचा विणलेला रुमाल उचलला, दोन घड्या घातल्या, परत ठेवला. “तुमची कडवी यंत्राने नाही अडवली. यंत्राने माझ्यापुढे आणून ठेवली, अडवली मी. मार्चपासून रोज वाचते. सोडता येत नव्हती.”

तो हळूच बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली.

“वरच्या पाटाची पाळी मी विकली, कोम्पाद्रे. निबाल्दोने नाही, पाटकऱ्याने नाही. पहिली सही माझी आहे. बापाला जाऊन सात महिने झाले होते, यास्नाची दोन वर्षं राहिली होती. तुमची विहीर मी आटवली, आणि कुणी विचारू नये म्हणून चाळणी लावली.”